नकाशातली विहीर

कॉलेजात लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. वर्धा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता आणि आमच्या कॉलेजात भूगोल हा विषय नुकताच सुरू झाला होता. विभाग म्हणजे दोन माणसं, विभागप्रमुख आणि मी. शिवाय एक शिपाई, तोही निम्मा आमचा, निम्मा ग्रंथालयाचा. माझी नेमणूक एका वर्षापुरती होती. पुढच्या जूनमध्ये मी तिथे असेन की नाही, हे विभागप्रमुखांच्या एका शेऱ्यावर ठरणार होतं. ते इतकं कमी बोलत की त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय आहे, याचा मला वर्षभर अंदाज आला नाही.

मी मुळातच धास्तावलेल्या स्वभावाचा. आलमारीला कुलूप लावून जिना उतरलो की अर्ध्यातून परत वर जायचो आणि कुलूप ओढून बघायचो. आलमारीतल्या प्रत्येक वस्तूपुढे रजिस्टरमध्ये माझी सही होती. दोन होकायंत्रं, मोजणीची साखळी, सहा भिंगं, खडकांचे नमुने आणि नकाशे. बाकीचे नकाशे शाळेच्या भिंतीवर असतात तसलेच होते. खरा होता तो एकच, वर्धा शहर आणि भोवतालची खेडी दाखवणारा सरकारी सर्वेक्षणाचा नकाशा, एका इंचाला एक मैल. पोरं त्याला टोपोशीट म्हणत. कापडावर चिकटवलेला तो कागद पत्र्याच्या लांब नळीत गुंडाळून ठेवलेला असे. दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती आणि मार्चमधली प्रात्यक्षिकाची परीक्षा त्याच्यावरच व्हायची होती. नळीवर विभागप्रमुखांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी डकवली होती: 'विभागाबाहेर नेऊ नये.'

मला तो नकाशा फार आवडायचा. वर्ग सुटला की मी तो टेबलावर पसरून चारही कोपऱ्यांवर खडक ठेवायचो. आगगाडीचे काळे फाटे, त्यांच्या कुशीत शहराचे दाट ठिपके, नागपूरकडे जाणारी लाल सडक, तिच्याकाठी नालवाडी, पलीकडे धाम नदी. टेकड्यांच्या तपकिरी रेषा, निळे नाले, विहिरींची बारीक निळी वर्तुळं. रोज सायकलवरून ज्या रस्त्याने यायचो तो तिथे बोटभर लांबीचा दिसायचा आणि मला उगाच बरं वाटायचं.

मार्गशीर्षातली गोष्ट. मी असाच नकाशा पाहत होतो आणि शिपाई खडू ठेवायला आत आला. पंचेचाळिशीचा, शांत माणूस. मी त्याला भाऊ म्हणायचो. गेली दोन वर्षं ही नळी तोच वर्गात न्यायचा आणि परत आणायचा. त्या दिवशी तो टेबलापाशी थांबला.

"सर, आमचं गाव असन का यात?"

त्याचं गाव नालवाडीच्या पुढे, सडक सोडून आत, कॉलेजपासून पाचेक मैलांवर. मी शोधून दाखवलं. इंग्रजी अक्षरांतलं नाव मी वाचून दाखवलं तेव्हा त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले, कागदाला चुकून लागू नयेत म्हणून.

"हे देऊळ. हा तुमचा नाला."

"बाप्पा! अन् आमची विहीर? नाल्याच्या काठाले हाय, गावाच्या वरच्या अंगाले."

गावाच्या वरच्या अंगाला नाला होता, आणि त्याच्या काठाला एकच निळं वर्तुळ. मी त्यावर पेन्सिलीचं टोक धरलं. "ही बघा."

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तिच्यापाशी पांधण हाय का?"

पांधण म्हणजे वावरांच्या मधून जाणारा बैलगाडीचा रस्ता. वर्तुळाच्या शेजारून तुटक रेषांची जोडी थेट गावापर्यंत आली होती, आणि नकाशाच्या भाषेत तुटक जोडरेषा म्हणजे गाडरस्ता. मी म्हणालो, "आहे की. स्पष्ट आहे."

शिपायाचा चेहरा बदलला. त्याने दार लोटून घेतलं आणि मला सगळं सांगितलं. वावर त्याचा मोठा भाऊ पाहायचा. वावरापर्यंतची पांधण शेजाऱ्याच्या वावराला लागून जात होती. यंदा पावसाळा संपल्यावर शेजाऱ्याने बाभळीच्या काट्या लावून ती बंद केली. म्हणे, ही पांधण नाहीच, माझं वावर आहे, इतके दिवस जाऊ देत होतो, आता नाही. इकडे कापूस फुटलेला. बाया वेचलेला कापूस डोक्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, गावात आणत होत्या, आणि वावरातला ढीग वाढत चालला होता. पटवाऱ्याकडचा गावनकाशा नेमका त्या घडीवर फाटलेला. नवी नक्कल तहसिलीतून यायची होती, ती कधी येईल ते कोणी सांगत नव्हतं.

"सर, तुमी एक डाव येऊन सांगान का? इंग्रजीतला नकाशा हाय म्हनलं तं लोक आयकतीन."

मी नाही म्हणायला हवं होतं. चिठ्ठी माझ्या समोर होती. पण त्याआधी कुणी माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. वर्गातली पोरं मला चोरून हसत, विभागप्रमुख मान वर न करता बोलत. इथे एक वयाने मोठा माणूस माझ्या शब्दासाठी थांबला होता. मी म्हणालो, "शनिवारी दुपारी येतो."

शनिवारी दोनला विभागप्रमुख घरी गेले. मी नळी आलमारीतून काढली आणि रजिस्टरमध्ये नोंद केली नाही. सोमवारी सकाळी ती जागेवर असणारच होती. सायकलच्या दांड्याला ती दोरीने बांधली आणि शिपायाच्या मागे निघालो. वाटेत नालवाडीपाशी कॉलेजचा हेडक्लार्क समोरून आला. त्याने मान हलवली, मीही हलवली. त्याचं लक्ष नळीकडे गेलं की नाही, याचा मी पुढचे तीन मैल विचार करत होतो. कच्च्या रस्त्याला लागल्यावर चाक खड्ड्यात गेलं की नळी खडखडायची, आणि मी उतरून गाठ बघायचो. शिपाई पुढे जाऊन माझी वाट पाहत उभा राहायचा.

त्यांच्या घरापुढे बाज टाकली होती. थोरला भाऊ पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, कमी शब्दांचा. त्याने मला पाणी दिलं आणि माणसं बोलावली. पंधराएक जण जमले. मी बाजेवर चादर पसरून तिच्यावर नकाशा मांडला आणि वर्गात सांगतो तसं सांगू लागलो. ही उत्तर, हे प्रमाण, हे गाव, हा नाला. माझा आवाज मलाच भारदस्त वाटत होता.

"विहीर हाय का यात?" थोरल्याने विचारलं.

"ही."

"अन् पांधण?"

"ही बघा. विहिरीपासून गावापर्यंत."

गर्दीत कुजबुज झाली. सरकारी नकाशात पांधण आहे म्हणे. तेवढ्यात मागून एक उंच, वाळका माणूस पुढे आला. अंगात स्वच्छ सदरा, खांद्यावर शेला. शिपायाने माझ्या कानात सांगितलं, हाच तो शेजारी. त्याने नकाशाकडे नुसती एक नजर टाकली आणि मला विचारलं,

"मास्तर, तुमी सोता पाह्यली का जागा?"

"मी नकाशा वाचतो आहे. माझ्या मनचं काही सांगत नाही."

"तसं नाई. वावरात येऊन पाह्यलं का, म्हंतो."

थोरला म्हणाला, "चला ना मास्तर. विहीर हाकेवर हाय. आत्ता जाऊन येऊ."

मी आकाशाकडे बघितलं. थंडीचे दिवस, पाच वाजून गेले होते. अंधाराच्या आत नकाशा सुखरूप घरी पोचायला हवा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या खड्ड्यांच्या रस्त्याने अंधारात पडलो आणि नळी चेपली तर? मी म्हणालो, "त्याची गरज नाही. यात सगळं स्पष्ट आहे."

शेजारी निघून गेला. थोरल्याने सगळ्यांदेखत सांगितलं, "परवा सकाळी काट्या काढतो अन् पांधणीत बैलबंडी घालतो. सरकारच म्हून राह्यलं पांधण हाय म्हून, मंग कोन अडवते ते पाहू."

घरी परतताना मी खुश होतो.

तेव्हा आम्ही रामनगरात दोन खोल्यांत राहत होतो, मी आणि बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. रविवारी सकाळी मी जमिनीवर नकाशा पसरला. शिपायाने त्या भागाची एक नक्कल मागितली होती, पटवाऱ्याला दाखवायला. तेलकट कागदावर मी नाला काढला, गाव काढलं, आणि अंतर नीट यावं म्हणून दोरा घेऊन गावापासून विहिरीपर्यंत मोजलं. पाऊण इंच. म्हणजे पाऊण मैल.

मी पुन्हा मोजलं. पाऊण इंचच.

हाकेवर, असं थोरला म्हणाला होता. पाऊण मैलावर कुणाची हाक पोचत नाही. मी भिंग आणलं. गावाच्या वर थोड्या अंतरावर नाल्याला दोन फाटे फुटले होते, एक पूर्वेकडून येणारा, एक पश्चिमेकडून. निळं वर्तुळ पूर्वेच्या फाट्यावर होतं, लांब, आणि गाडरस्ता त्याच्याच बाजूने होता. पश्चिमेचा फाटा गावाला चिकटूनच होता. त्याच्या काठाला बारीक ठिपक्यांची एकेरी ओळ होती, ती म्हणजे पायवाट, आणि ती नाल्यापाशी संपत होती. तिथे विहीर नव्हती. मी खालच्या कोपऱ्यात सर्वेक्षणाचं साल बघितलं. माझ्या जन्माच्या बऱ्याच आधीचं. तेव्हा ती विहीर खणलेलीच नसेल, हे माझ्या ध्यानात आलं. वरच्या अंगाला नाल्याकाठची विहीर म्हटल्यावर मी नकाशातली एकुलती एक विहीर त्यांच्या हातात देऊन मोकळा झालो होतो. ती दुसऱ्या कुणाची होती.

 बायको स्वयंपाकघराच्या दारात आली तेव्हा मी तसाच गुडघ्यांवर बसलेला होतो.

"काय झालं? फाटला का?"

"नाही." मी तिला सगळं सांगितलं.

"खात्री आहे?"

"आता आहे."

काही वेळ मी स्वतःला समजावत होतो की माझी चूक असेल, दोऱ्याचा घोळ असेल. मग दुसरा विचार आला, तो मला आजही आठवला की लाज वाटते. हा नकाशा वाचता येणारं त्या गावात कुणी नाही. मी गप्प बसलो तर कुणालाच कळणार नाही. सोमवारी नळी आलमारीत जाईल, कुलूप लागेल, संपलं. आणि पांधण तर खरोखर असेलच की. शिपाई खोटं बोलणारा माणूस नाही.

हेही मी मोठ्याने बोललो असेन. कारण बायको म्हणाली, "उद्या तो शेजारी आडवा आला आणि कुऱ्हाड चालली तर? तुमच्या भरवशावर चालले आहेत ना ते."

मी जेवलो नाही. नळी पाठीला बांधली आणि सायकल काढली.

समोरून वारा होता. नालवाडीपर्यंतच माझा दम निघाला. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. 'थोडा खुलासा करायचा आहे.' 'एक शंका आहे.' प्रत्येक वाक्यात मी स्वतःला वाचवायला बघत होतो. उद्या सकाळपर्यंत वेळ आहे, हाच एक दिलासा होता. गावात शिरलो तर घरापुढे फक्त थोरल्याची बायको होती, तूर निवडत बसलेली.

"ते तं वावरात गेले," ती म्हणाली. "तो शेजारी उद्या लोकं आनून राह्यला असं कानी आलं, म्हून आजच गेले. आमचे भाऊजीबी गेले संगं. मास्तर, तुमीच सांगा ना त्याईले, कुऱ्हाडी कायले नेल्या?"

तिने हाताने दिशा दाखवली. पश्चिमेची. मी सायकल तिथेच टाकली आणि पळालो.

विहीर खरंच हाकेवर होती. दगडी बांधकामाची, चांगली रुंद, तिच्यापाशी आंब्याचं झाड आणि झाडाखाली पांढराशुभ्र कापसाचा ढीग. अलीकडे बाभळीच्या काट्यांची ताटी अर्धी उपटलेली. एका अंगाला थोरला आणि गावातले चौघे, हातात कुऱ्हाडी. दुसऱ्या अंगाला शेजारी आणि त्याचे तीन गडी, लाठ्या घेऊन. मधे माझा शिपाई, दोन्ही हात पसरून उभा. कॉलेजात कधी आवाज न चढवणारा तो माणूस ओरडत होता, "दादा, थांब! एक दिवस थांब!"

"सरकारी नकाशात हाय पांधण!" थोरला म्हणाला. "मास्तरनं सांगतलं."

"थांबा!" मी ओरडलो. कापसाच्या उभ्या पऱ्हाटीतून घुसल्यामुळे माझे पाय ओरबाडले होते आणि मला धाप लागली होती. सगळे माझ्याकडे वळले. घोटून ठेवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. "मी चुकलो. काल मी चुकीचं सांगितलं. नकाशातली ती विहीर ही नाही."

 थोरल्याने कुऱ्हाड खाली टेकवली.

"मंग काल काऊन सांगतलं?"

"नीट बघितलं नाही. इथे यायला हवं होतं, आलो नाही."

"चार मानसात सांगतलं तुमी. मी त्याच्या भरोशावर निंगालो ना घरून."

"हो."

त्याने माझ्याकडे जसं बघितलं, ते मला लाठीपेक्षा जास्त लागलं. शेजारी पुढे आला. तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही.

"दाखवा. कुठं काय हाय ते दाखवा."

मी नळी सोडली आणि तिथेच, उभ्या उभ्या, नकाशा उलगडला. एक टोक शिपायाने धरलं. मी पूर्वेचा फाटा दाखवला, तिथली विहीर, तिथला गाडरस्ता. मग पश्चिमेचा फाटा, ठिपक्यांची पायवाट. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, माझ्या हातातली बाजू सुटली आणि कागद फडफडत बाभळीच्या काट्यांवर गेला. मी ओढला. कापडासकट फाटण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कडेपासून आत वीतभर चीर गेली होती.

शिपाई म्हणाला, "सर!" त्याला रजिस्टर माहीत होतं, चिठ्ठी माहीत होती.

शेजाऱ्याला त्याचं काही नव्हतं. तो म्हणाला, "म्हंजे इथं पांधण नाईच. मास्तरच म्हून राह्यले."

तेव्हा मी जे बोललो ते धीराने बोललो असं नाही, माझ्या तोंडून निघून गेलं. "इथे नकाशात पायवाट आहे, गाडरस्ता नाही. पण ही विहीरही नकाशात नाही, आणि विहीर तर समोर आहे. नकाशा फार जुना आहे. त्याच्यानंतर इथे काय झालं ते त्याला माहीत नाही."

थोरला विहिरीकडे वळला.  मग शेजाऱ्याला म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात भांडण नव्हतं,

"हिचा दगूड डोक्यावर आनला का आमी? बंडीतच आला ना. अन् आमच्या बंडीचं चाक मोडलं तवा तुह्या बापानं सोताची बंडी देल्ली. याच पांधणीनं सहा खेपा केल्या. तू बसला होता बंडीवर, इतकुसा होता. आठवते का?"

शेजाऱ्याने मान वळवली. त्याच्या गड्यांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटतं त्याला आठवत होतं, कारण तो 'नाही' म्हणाला नाही. शेवटी त्याने शेला खांद्यावर सारखा केला.

"यंदाचा कापूस नेजा. पन पांधण म्हून नाई. माह्या वावरातून मी जाऊ देऊन राह्यलो म्हून नेजा. बाकीचं तहसिलीत पाहू."

एवढं बोलून तो निघून गेला. थोरल्याने उरलेल्या काट्या स्वतःच्या हाताने बाजूला केल्या आणि बंडी आणायला माणूस पाठवला. माझ्याकडे त्याने परत बघितलं नाही. शिपायाने नकाशा गुंडाळला, फाटलेली बाजू आत घेऊन, आणि सायकलपर्यंत माझ्यासोबत आला. वाटेत एकच वाक्य बोलला, "प्रमुखसायबाले मी सांगू का, माह्या हातून फाटला म्हून?"

मी नको म्हणालो. पण घरी जाईपर्यंत त्या वाक्याने माझा पाठलाग केला. तो तसं सांगायला तयार होता, आणि ते खपलंही असतं.

सोमवारी मी विभागप्रमुखांच्या आधी पोचलो. ते आले, कोट खुंटीला लावला आणि टेबलावर उलगडलेला नकाशा बघून थांबले. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, नोंद न करता नेल्यापासून. ते चिरेवरून बोट फिरवत होते. चीर नालवाडीच्या वरून गेली होती.

"तुम्ही त्यांना खरं सांगितलंत ते नकाशा फाटायच्या आधी की नंतर?"

"आधी, सर."

"हं."

त्यांनी रजिस्टर उघडलं, त्यात काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडून लेखी मागितलं. मी लिहून दिलं. पुढचे सहा महिने ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागले, म्हणजे जवळजवळ बोललेच नाहीत. त्यांनी रजिस्टरमध्ये काय लिहिलं ते बघायची माझी हिंमत झाली नाही. नकाशा शिपायाने गव्हाच्या खळीने आणि मलमलच्या पट्टीने इतका सुरेख सांधला की मार्चच्या परीक्षेला बाहेरच्या परीक्षकाला चीर दिसलीसुद्धा नाही.

माघ महिन्यात एक दिवस तहसिलीचा चपराशी माझ्या नावाचा कागद घेऊन कॉलेजात आला. शेजाऱ्याने पांधणीबद्दल अर्ज केला होता आणि साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं होतं. मीच चार माणसांत सांगितलं होतं ना, की नकाशात पायवाट आहे. मला दोन रात्री झोप लागली नाही. ज्या माणसाला मी आधीच खड्ड्यात घातलं होतं, त्याच्याविरुद्ध आता मला उभं राहायचं होतं.

नायब तहसीलदार तरुण होते. त्यांच्या टेबलासमोर एका बाजूला शेजारी, दुसऱ्या बाजूला थोरला, मागे शिपाई.

"तुम्ही भूगोल शिकवता? मग सांगा, नकाशात गाडरस्ता आहे का?"

"त्या जागी नाही, साहेब."

शेजाऱ्याने मान हलवली.

"पण त्या जागची विहीरही त्यात नाही. सर्वेक्षण विहिरीच्या आधीचं आहे. त्यामुळे रस्ता होता की नव्हता, हे मला नकाशावरून सांगता येणार नाही."

"मग तुमची साक्ष कोणाच्या बाजूची?"

"कोणाच्याच नाही, साहेब."

ते त्रासिकपणे हसले आणि मला जायला सांगितलं. पुढे काय झालं ते शिपायाकडून कळलं. साहेब स्वतः वावरात आले, विहीर बघितली, गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं. पांधण राहिली, पण जुन्या जागी नाही. दोघांच्या मधल्या धुऱ्यावर सरकवली, निम्मी जमीन याची, निम्मी त्याची. थोरल्याच्या वावरातून पऱ्हाटीच्या तीन ओळींची पट्टी गेली. शिपायाने हे मला खडूची पेटी भरता भरता सांगितलं, आणि वर म्हणाला, "चालते सर. बंडी जाते, झालं." त्यात त्याच्या मनात काही अढी नव्हती.

जूनमध्ये पत्र आलं. माझी नेमणूक आणखी एका वर्षासाठी वाढवली होती. कायम केलं नव्हतं. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि ते चांगलं की वाईट हे मला ठरवता आलं नाही. बायको म्हणाली, "एक वर्ष तर एक वर्ष."

थोरला मला पुढच्या हिवाळ्यात दिसला. कापसाच्या बाजारात बंड्यांची रांग लागली होती आणि तो आपल्या बंडीच्या दांडीवर बसला होता. मी सायकलवरून उतरलो. नमस्कार केला. त्याने केला नाही, पण सरकून बसला, म्हणून मी थांबलो.

"पांधण बरी आहे का?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"हाय." तो बैलांकडे बघत होता. "मास्तर, त्या दिवशी तुमी आलेच नसते तं?"

त्याने बैलाच्या पाठीवरची माशी हाकलली.

"मी काट्या काढल्या असत्या. त्यानं लाठी उचलली असती. माहा भाऊ मधात उभा होता." त्याने कासरा हातात घेतला. रांग पुढे सरकत होती. "अन् तुमी आदल्या दिवशी आलेच नसते, तं?"

त्याच्या बंडीमागच्या गाडीवानाने आवाज दिला. थोरल्याने बैलांच्या पाठीवर हात मारला आणि बंडी वजनकाट्याकडे नेली. वर्गाची वेळ होईपर्यंत मी सायकल धरून तिथेच उभा होतो.